तिसरा पुकारा

त्यांचं खरं आडनाव पुकारे नव्हतं. पण कोर्टाच्या दाराशी उभं राहून एकोणतीस वर्षं लोकांच्या नावांचा पुकारा करणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? वकील म्हणायचे, कारकून म्हणायचे, फाटकापाशी बसणारा चहावालाही म्हणायचा. एकदा कोणा पक्षकाराने खटला जिंकल्यावर आभाराचं पत्र पाठवलं. वर 'श्री. पुकारे यांस' एवढंच लिहिलेलं होतं, आणि पोस्टमनने ते बिनचूक त्यांच्याच हातात आणून दिलं. घरी जाऊन त्यांनी ते बायकोला दाखवलं.

"बघ, आडनाव बदललं माझं. म्हणजे आता तुझंही बदललं."

"एकदा बदललं तेवढं पुरे झालं," ती म्हणाली आणि पत्र कपाटात ठेवून दिलं.

काम तसं साधं. आत प्रकरणाचा क्रमांक निघाला की दाराबाहेर व्हरांड्यात यायचं, फलकावर लावलेल्या यादीतलं नाव वाचायचं आणि तीनदा पुकारायचं. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कोणी उठलं नाही तर तो माणूस गैरहजर, आणि त्याच्या माघारी जे व्हायचं ते होऊन जाई. पुकारेंचा आवाज थेट छातीतून यायचा. व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीला टेकून डुलक्या काढणारा माणूसही त्या आवाजाने ताडकन उठून बसे. घरी मात्र ते इतकं हळू बोलत की बायको म्हणे, "सगळा आवाज तिकडेच सांडून येता. आमच्या वाट्याला उरलासुरला."

या कामातली एक गोष्ट पुकारेंना मनापासून आवडायची. यादीत फक्त नाव असे. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आडनाव. मागेपुढे काही लटकलेलं नाही. आणि नावानंतर दोन शब्द: हाजिर हो. 'व्हा' नाही, 'व्हावं' नाही, नुसतं 'हो'. बाहेर ज्याला बघून दहा माणसं खुर्च्या सोडतात त्यालाही 'हो', आणि ज्याला कोणी बस म्हणत नाही त्यालाही 'हो'.

चार वर्षांपूर्वी यावरून एक प्रकरण झालं होतं. एक बडी असामी साक्षीला आली होती. नावाआधी डॉक्टर आणि नावानंतर साहेब लावल्याशिवाय त्या गृहस्थांचं नाव कोणी घेत नसे. पुकारेंनी यादीबरहुकूम तीन पुकारे केले. गृहस्थ समोरच्याच बाकावर होते, पण जागचे हलले नाहीत. शेवटी त्यांचे वकील धावत बाहेर आले.

"असल्या हाकेला मी ओ देत नाही," गृहस्थ त्यांना म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी लेखी तक्रार दिली.

न्यायाधीशांनी तक्रार वाचली आणि दाराशेजारी सूचना लावायला सांगितली. पुकारा करताना यादीतलं नाव तेवढंच उच्चारावं, कोणालाही कोणतीही पदवी, उपाधी किंवा आदराचा शब्द लावू नये. कार्यालयाच्या अधीक्षकांनी त्या सूचनेवर पुकारेंची सही घेतली. इतक्या खुशीने पुकारेंनी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कागदावर सही केली नसेल.

त्याला कारण होतं. पुकारे लहान असताना त्यांना कोणी 'अहो' म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. आई चार घरची भांडी घासायची, आणि तिच्या मागेमागे फिरणाऱ्या पोराला जो तो 'ए' म्हणायचा. कोणी नाव घेतलंच तर शेवटी 'या' जोडून, पायाखाली चेचल्यासारखं. तिसरीच्या वर्गात बाई आल्या तेव्हाही पहिल्याच दिवशी हजेरीच्या वेळी मागच्या बाकावरून कोणीतरी त्याचं ते चेचलेलं नाव ओरडलं आणि वर्ग खिदळला. बाईंनी हजेरीपट मिटला. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "या वर्गात कोणाच्या नावाची मोडतोड करायची नाही. घरच्यांनी जेवढं ठेवलंय तेवढं सगळं घ्यायचं." मग त्यांनी हजेरीपट पुन्हा उघडला आणि त्याचं नाव वाचलं. पहिल्या अक्षरापासून आडनावाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत, सावकाश. आपलं नाव एवढं लांब आहे हे त्या पोराला त्या दिवशी समजलं.

बाईंकडे तो एकच वर्ष होता. नंतर शाळाही सुटली.

तर तो मंगळवार. यादीत अकरावं प्रकरण होतं एका भाच्याने केलेल्या अर्जाचं. आत्याचं वय झालंय, बुद्धी ठिकाणावर राहिलेली नाही, तेव्हा तिच्या घराचा आणि सगळ्या कारभाराचा पालक म्हणून आपल्याला नेमावं, असं त्याचं म्हणणं होतं. पुकारेंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी नेहमीप्रमाणे फलकावरून नाव वाचलं. जुन्या वळणाचं, हल्ली कोणी मुलींना ठेवत नाही असं नाव. त्यांनी पहिला पुकारा केला.

कोणी उठलं नाही.

दुसरा पुकारा केला आणि सवयीने व्हरांड्यावरून नजर फिरवली. दारासमोरच्या बाकावर एक म्हातारी बाई ताठ बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात एकावर एक ठेवलेले. ती पुकारेंकडेच बघत होती, पण उठायच्या घाईने नव्हे. मुलगा धडा बरोबर वाचतोय ना, हे ऐकावं तशी. ती नजर पुकारेंनी ओळखली. मग ते हात ओळखले. टेबलावर असेच ठेवलेले असायचे ते. पंचेचाळीस वर्षं झाली होती.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण जे नाव दोनदा ओरडलो ते बाईंचंच असणार. समोरचा बाक सोडला तर व्हरांड्यात त्या वयाची दुसरी बाई नव्हती. बाईंना काही नाव असेल हे पंचेचाळीस वर्षांत कधी त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

त्यांनी मागे वळून पाहिलं. दाराच्या आत चाळिशीचा एक माणूस वकिलाशेजारी उभा होता. त्याने बाईंना बघितलं होतं, यात शंका नव्हती. दोन पावलं पुढे येऊन त्याने 'आत्या' म्हटलं असतं तरी काम झालं असतं. त्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

सूचना पुकारेंच्या कानाशी, भिंतीवर होती. खाली त्यांचीच सही होती. तिसरा पुकारा वाया गेला तर बाई गैरहजर ठरणार होत्या. पुकारेंनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, पण ते नाव काही ओठांवर येईना.

"बाई," ते म्हणाले. "बाई, चला."

बाई तत्काळ उठल्या. पिशवी सावरत दारापाशी आल्या आणि म्हणाल्या, "माझंच नाव घेत होता होय तुम्ही? मला वाटलं, दुसऱ्या कोणाचं तरी."

दारातल्या वकिलाने ते ऐकलं. त्याला एवढं पुरे होतं.

"साहेब, नोंद व्हावी," आत गेल्या गेल्या त्याने सुरुवात केली. "दोनदा नाव पुकारलं गेलं. या दारासमोर बसल्या होत्या. कान शाबूत आहेत. तरी स्वतःचं नाव यांना ओळखता आलं नाही. शिपायाने 'बाई' म्हटल्यावर उठल्या. माझ्या अशिलाचं तरी याहून वेगळं काय म्हणणं आहे?"

न्यायाधीशांनी पुकारेंकडे पाहिलं. "तुम्ही 'बाई' म्हणालात?"

"हो साहेब."

"यादीत आहे तसं?"

"नाही साहेब."

ज्या हाकेने बाईंना वाचवायला गेलो, तीच त्यांच्या अंगावर आली, हे पुकारेंना तिथेच उमगलं.

न्यायाधीश बाईंकडे वळले. त्यांनी नाव विचारलं, बाईंनी सांगितलं. वय विचारलं, ते सांगितलं. पत्ताही सांगितला.

"मग पुकाऱ्याला उठला का नाहीत?"

बाईंनी जरा वेळ घेतला. वर्गात अवघड प्रश्न आला की घ्यायच्या तसाच.

"साहेब, हे नाव माझ्या आईने ठेवलं. आई गेली, मग वडील गेले. भाऊ नावानेच हाक मारायचे. या माझ्या भाच्याचे वडील ते. तेही गेले. शेवटी मोठी बहीण होती, तिला जाऊन आता अकरा वर्षं झाली. त्यानंतर या नावाने मला कोणी हाक मारलेली नाही. शाळेत बाई, गल्लीत बाई, दुकानात बाई. हा आत्या म्हणतो. पेन्शनच्या कागदावर नाव असतं, पण कागद काही हाक मारत नाही. आज बाहेर मोठ्याने ते नाव ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझ्याच नावाची कोणीतरी बाई इथे आलीय. बरं वाटलं. कोण आहे ते बघावं, म्हणून मी वाट बघत बसले होते."

टाइपराइटर थांबला होता. तो पुन्हा सुरू व्हायला थोडा वेळ गेला. न्यायाधीशांनी डॉक्टरांचा तपासणी अहवाल मागवला आणि पाच आठवड्यांनंतरची तारीख दिली. वकिलाची हरकत मात्र कागदावर नोंदली गेली, शब्दन् शब्द. संध्याकाळपर्यंत पुकारेंच्या हातात खुलासा मागणारं पत्र पडलं: सूचनेचा भंग करून पक्षकाराला इशारा का केला, याचं लेखी उत्तर तीन दिवसांत द्यावं.

त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर पुकारे दारातच थांबले आणि त्यांनी बायकोला तिच्या नावाने हाक मारली. आतून काही उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा मारली. ती हात पुसत, घाबरीघुबरी होऊन बाहेर आली.

"काय झालं? कोण आलंय? कुठे सही करायचीय?"

"कोणी नाही. तुलाच हाक मारली."

"मग 'अगं' म्हणायचं की. जीव गेला ना माझा." तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ताटं वाढायला घेतली. जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही गेल्यावर माझीही तीच गत." आणि उठून ताटं उचलायला लागली.

अधीक्षक मनाने वाईट नव्हते. त्यांनी पुकारेंना बाजूला घेतलं. "जीभ घसरली, असं लिहा. दोन ओळींत मिटेल. एकोणतीस वर्षांत तुमच्या नावावर ठिपका नाही, उगाच कशाला?"

पुकारे दोन दिवस कागद घेऊन बसले. जीभ घसरली म्हणावं तर ते खोटं होतं. बाईंना नाव कळेना म्हणून 'बाई' म्हटलं, असं लिहावं तर वकिलाचंच बोलणं खरं ठरत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लिहिलं ते असं:

'सदर बाई मला तिसरीत शिकवायला होत्या. यादीतलं नाव मी स्वतः वाचलं आणि दोनदा पुकारलं, पण ते त्यांचं आहे हे मला समजलं नाही. त्यांचं नाव मला कधीच ठाऊक नव्हतं. माझं डोकं ठिकाणावर आहे. नाव ओळखलं नाही म्हणून माणसाची बुद्धी गेली असं ठरत असेल, तर त्या दिवशी आम्हा दोघांचीही गेली होती. तिसऱ्या पुकाऱ्याला जीभ घसरली नाही. मी जाणून 'बाई' म्हटलं. नियम मोडला हे कबूल आहे.'

अधीक्षकांनी ते वाचून कपाळाला हात लावला, पण कागद वर पाठवला. न्यायाधीशांनी पुकारेंना बोलावून घेतलं.

"नियम का केला होता, आठवतं?"

"आठवतं साहेब. कोणी मोठा नाही, कोणी छोटा नाही, म्हणून."

"मग तुमच्या बाई इतरांपेक्षा मोठ्या?"

"नाही साहेब. पण ते डॉक्टरसाहेब नाव कळूनही उठले नव्हते. या न कळल्यामुळे बसून होत्या."

न्यायाधीशांनी मान हलवली, ती कबुलीची की नुसतीच, हे पुकारेंना समजलं नाही. सेवापुस्तकात ताकीद मिळाल्याची नोंद झाली. शिवाय पक्षकार ओळखीच्या असल्यामुळे पुढच्या तारखेला पुकारेंनी दाराशी उभं राहू नये, असं ठरलं.

त्या तारखेला त्यांना जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं होतं. छतापर्यंत बांधलेली गाठोडी, वाळलेल्या डिंकाचा वास, आणि व्हरांड्याकडे उघडणारी एक उंच खिडकी. अकराच्या सुमारास बदली शिपायाचा आवाज ऐकू आला. बारीक, घाईतला आवाज. आडनाव तर त्याने जवळजवळ गिळलंच. पुकारेंचा हात गाठोड्याच्या दोरीवर थांबला. ते दुसऱ्या पुकाऱ्याची वाट बघू लागले. व्हरांड्यात कोणीतरी खोकलं. पिंपावर पेला आपटला. दुसरा पुकारा झालाच नाही.

आत काय घडलं ते त्यांना टंकलेखिकेने सांगितलं. डॉक्टरांचा अहवाल स्वच्छ होता. वकिलाने बाईंना तासभर उलटसुलट विचारलं. त्याचा एक प्रश्न इतका लांबला की शेवटी बाई म्हणाल्या, "तुमच्या वाक्यातला कर्ता हरवलाय. एवढा सापडला की मी उत्तर देते." न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. दुपारच्या आत भाच्याचा अर्ज फेटाळला गेला.

जेवणाच्या सुटीत पुकारे व्हरांड्यात आले तेव्हा भाचा बाईंच्या बाकाशी उभा होता.

"आत्या, मी तुमच्या भल्यासाठीच केलं. तुम्ही एकट्या राहता, तुम्हाला काही झालं तर..."

"लहानपणी तू मला 'तू' म्हणायचास," बाई म्हणाल्या. "'आत्या, तू ये, आत्या, तू दे.' 'तुम्ही' कधीपासून म्हणायला लागलास, आठवतंय?"

त्याला आठवेना.

"मला आठवतंय. घराचे कागद कुठे ठेवलेत, असं विचारलंस ना, त्या दिवसापासून."

भाचा खाली मान घालून जिना उतरून गेला. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. जिंकल्याचं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. मग त्यांचं लक्ष पुकारेंकडे गेलं.

"ये इकडे. 'बाई, चला' म्हणालास तेव्हाच वाटलं होतं, हा आपल्या वर्गातला असणार. घरी जाऊन चेहरा आठवत जुने हजेरीपट मनात वाचले, तेव्हा सापडलास." आणि त्यांनी पुकारेंचं नाव घेतलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. बाजूने जाणारा कारकून थबकला. इतक्या वर्षांत पुकारेंचं खरं नाव त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

बाईंनी घरी बोलावलं म्हणून पुढच्या रविवारी पुकारे गेले. दोन खोल्या, खिडकीशी टेबल, भिंतीला पुस्तकांची एक फळी. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर बसल्या.

"बाई, एक विचारू? त्या दिवशी पहिल्याच पुकाऱ्याला कशा उठलात?"

"रोज सकाळी हजेरी घ्यायचे. माझी मीच. मोठ्याने नाव घ्यायचं आणि 'हजर' म्हणायचं. पहिले चार दिवस वेड्यासारखं वाटलं. भिंतीपलीकडे ऐकू गेलं असतं तर भाच्याला आयता साक्षीदार मिळाला असता." त्या हसल्या. "पण आपणच आपल्याला मारलेली हाक ती. तिला काही चव नाही रे."

पुकारेंनी खुर्ची जरा पुढे ओढली.

"तू घे बघू एकदा," बाई म्हणाल्या. "नुसतं नाव. बाई नको, काही नको."

पुकारेंनी तोंड उघडलं. एकोणतीस वर्षं त्यांनी अनोळखी माणसांची नावं घेतली होती. जी नावं ऐकून लोक उभे राहत, तीही घेतली होती. पण इथे पहिलं अक्षर ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला.

"नाही जमत, बाई."

"दारात कसं जमलं? चांगलं खणखणीत घेतलंस. दोनदा."

"तेव्हा तुम्ही कोण ते ठाऊक नव्हतं."

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मांडीवर पिशवी नव्हती तरी त्यांनी हात तसेच एकावर एक ठेवले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "हं. तेही खरंच."

खाली रस्त्यावरून एक गाडी गेली. पुकारेंना वाटलं, आता उठावं, पण बाईंनी हाताने बसायची खूण केली.

"बस. चहा टाकते. साखर किती घेतोस ते मला सांगून ठेव, म्हणजे दर वेळी विचारायला नको."